सरांनी लिहिलेला शेवट

कॉन्व्हेंट शाळेच्या हॉलमधला सोडला, तर वसईतल्या आमच्या पापडी गावाच्या आसपास पियानो एकच होता आणि तो सरांच्या घरी होता. वांद्र्याचं एक कुटुंब कायमचं कॅनडाला निघालं तेव्हा सरांनी तो त्यांच्याकडून घेतला आणि ट्रकमध्ये पेंढ्यावर ठेवून वसईला आणला. समुद्राच्या हवेने त्याच्या तारा गंजायच्या. पावसाळ्यात तर काही पट्ट्या एकदा दाबल्या की वर यायचं नाव घेत नसत. म्हणून सर खालची फळी काढून आत विजेचा दिवा पेटता ठेवत. जुलैत शिकायला बसलं की गुडघ्यांना ऊब लागायची.

सर मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी चर्चमधला गायनवृंद सांभाळायचे. लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, मराठीत आल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. नवी मराठी गीतं कोणत्या चालीत म्हणायची, कुठे थांबायचं, हे सगळं सर ठरवत. फादरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय गाणं बदलत नसत. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. माझे बाबा चौथी शिकलेले, केळी आणि भाजीची वाडी करणारे. रस्त्यात सर दिसले की ते सायकलवरून उतरून उभे राहायचे.

मला पियानो आधी शिकवला कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरने. तिची बदली झाली तेव्हा जाताना तीच मला सरांकडे घेऊन गेली. मी तेव्हा अकरावीत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आईला हे खूळ वाटायचं. "मुलीच्या जातीला एवढा मोठा पेटारा काय कामाचा?" ती म्हणायची. बाबा मात्र म्हणाले, "सर शिकवतात म्हणजे चांगलंच असणार." तेवढ्यावर आईचं बोलणं मिटलं.

दोन वर्षं मी नेमाने गेले. सर रागीट नव्हते. बोट चुकलं की पेन्सिलीने मनगटावर हलकेच टिचकी मारत आणि हसत. माझा त्यांच्यावर इतका विश्वास होता, की घरी आईला सांगायला लाज वाटेल अशा गोष्टीही मी त्यांना सांगायचे. त्यातली एक म्हणजे मी स्वतः काहीतरी रचलं होतं.

ते कसं झालं तेही सांगते. आमच्या वाडीत विहिरीवर इंजिन होतं. इंजिन सुरू झालं की पाणी पाटातून वाहत वाफ्यांकडे जायचं. बाबा वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहायचे आणि मी लहानपणापासून पाटाच्या तोंडाशी, हातात फावडं घेऊन. एक वाफा भरला की बाबा तिथून हाक द्यायचे, "बांऽध!" मी माती ओढून तोंड बंद करायचे. मग "सोऽड!" की पुढच्याचं फोडायचे. इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू यायला हवं म्हणून ते पहिला सूर उंच धरायचे आणि मग खाली सोडायचे. एकदा सरांकडे सराव करताना माझा डावा हात आपोआप तसा फिरू लागला, संथ, न थांबता, पाटातल्या पाण्यासारखा. आणि उजव्या हाताने ती हाक घातली. वर एक सूर, खाली एक सूर. घरी येऊन मी ते जमेल तसं कागदावर उतरवलं. महिनाभर त्यात बदल करत होते. शेवटी इंजिन बंद होतं, पण पाणी लगेच थांबत नाही, थोडा वेळ वाहत राहतं, मग बारीक होतं, मग नुसतं चमकतं. तसे काही एकेकटे सूर मी शेवटी ठेवले होते.

मग एक दिवस सरांना ते वाजवून दाखवलं. ते खिडकीशी उभे होते. संपल्यावर पियानोजवळ आले. मग म्हणाले, "पुन्हा वाजव."

मी पुन्हा वाजवलं.

"हे तुझं?"

"हो, सर."

"कशाचं आहे?"

मी पाणी, पाट, बाबांची हाक, सगळं सांगितलं. सर मोठ्याने हसले. ते आनंदाचं हसणं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातून काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बोलावलं. "अगं, ये, ऐक. हिने वाडीतलं पाणी आणलंय आपल्या घरात!" काकू पदराला हात पुसत आल्या आणि मी तिसऱ्यांदा वाजवलं. त्या दुपारी सर जे बोलले ते खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

त्या वर्षी आमच्या चर्चच्या सणानिमित्त कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये संगीत स्पर्धा ठेवली होती. परीक्षक म्हणून मुंबईहून एक बाई येणार होत्या. त्या पियानोच्या परीक्षा घेत आणि त्यांच्या शिफारशीने गावोगावी परीक्षेची केंद्रं मिळत. वसईला केंद्र मिळावं आणि ते आपल्या घरी असावं, अशी सरांची फार इच्छा होती. हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्यात माझा काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं. सरांनी माझं नाव दिलं. स्वतः रचलेलं वाजवणारी मी एकटीच.

स्पर्धा जवळ आली तसे सर माझ्या रचनेकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. एक दिवस म्हणाले, "सगळं ठीक आहे. शेवट मात्र चालणार नाही."

"का, सर?"

"तो शेवटच नाही. टाळ्या कधी वाजवायच्या हेच लोकांना कळणार नाही. तू विसरलीस आणि मध्येच थांबलीस असं वाटेल."

"पण पाणी तसंच थांबतं, सर. आणि हॉलमध्ये सगळे वाडीवालेच असणार."

"परीक्षक बाई वाडीवाल्या नाहीत," सर म्हणाले. त्यांनी मला बाकावरून उठवलं आणि स्वतः बसले. दोन्ही हातांनी, अनेक सूर एकदम दाबत, तीन मोठे कॉर्ड वाजवले, एकामागून एक, शेवटचा असा जोरात की वरच्या फळीवरची मेणबत्तीची स्टँडं थरथरली. "याला म्हणतात शेवट. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, की घर आलं."

मला ते आवडलं नाही. मी तसं म्हटलंही. दोन दिवस मी माझाच शेवट वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी सर वैतागले. त्यांनी माझा कागद घेतला, रबराने शेवटच्या दोन ओळी खोडल्या, वरचा चुरा फुंकून टाकला आणि तिथे आपले तीन कॉर्ड लिहिले. "माझ्यावर विश्वास आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. मला वाटलं, इतक्या वर्षांचा त्यांचा कान आहे, आपण कोण?

स्पर्धेच्या संध्याकाळी हॉल भरला होता. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि मागे, भिंतीला टेकून उभे होते. शेवटच्या रांगेत दोन-तीन खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसले नव्हते. सूत्रसंचालन सरांकडे होतं. माझं नाव त्यांनीच पुकारलं आणि "ही माझी विद्यार्थिनी" असं अभिमानाने सांगितलं.

मी चांगलं वाजवलं. हे मी स्वतःबद्दल क्वचितच म्हणते, पण त्या दिवशी खरंच चांगलं वाजवलं. हाकेचे सूर आले तेव्हा मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, ओळख पटल्यासारखं. मग शेवटी आले ते तीन कॉर्ड. मी ते सरांनी शिकवले तसेच, सगळा जोर लावून वाजवले. टाळ्या झाल्या.

प्रत्येकाचं वाजवून झालं की परीक्षक बाई तिथल्या तिथे अभिप्राय द्यायच्या. पांढरे केस, फुलाफुलांचा फ्रॉक, मराठी मोडकंतोडकं पण स्पष्ट. त्या मला म्हणाल्या, "मुली, हे तू बनवलं? फार सुंदर. पाणी मला दिसलं. मी तुझ्या बागेत बसले होते. मग शेवटी एकदम बँडवाले कुठून आले?"

हॉल हसला. बाईंना हसवायचं नव्हतं, त्या गंभीर होत्या. त्या पुढे म्हणाल्या, "इतकी नाजूक गोष्ट सांगितली आणि शेवटी धाडकन दार लावून घेतलं. असं का केलं? हा शेवट तुझ्या मनात होता?"

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्यापासून चार हातांवर, माईक धरून उभे होते. मला वाटलं, आता ते सांगतील. निदान काहीतरी गमतीने बोलतील, म्हणतील की बाई, तो दोष माझा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मग बाईंकडे वळून, माईकवर म्हणाले, "मॅडम, मी तिला परोपरीने सांगितलं होतं की शेवट असा करू नको. पण आजकालची मुलं. ऐकतात कुठे?"

हॉल पुन्हा हसला. या वेळी जास्त. बाई मान हलवत मला म्हणाल्या, "टीचरचं ऐकावं."

पुढे कितीतरी वर्षं मी मनात त्या जागी उभी राहून वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. तेव्हा मात्र मी मान खाली घालून स्टेजच्या पायऱ्या उतरले. मला दुसरं बक्षीस मिळालं, ते घ्यायला कशी गेले तेही आठवत नाही.

घरी जाताना बाबा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. वाटेत म्हणाले, "माझी हाक होती ना ती?"

"हो."

"मला कळलं." ते खूश होते. मग म्हणाले, "पण सरांचं ऐकायला हवं होतंस."

"बाबा, तो शेवट त्यांचाच होता. माझा त्यांनी खोडला. मी नको म्हणत होते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत, थोडी काळजी होती, मूल खोटं बोलायला लागलं की वाटते तशी. "सर खोटं कशाला बोलतील?" ते म्हणाले. "त्यांना काय मिळणार त्यातून? चूक झाली तर झाली म्हणावं. दुसऱ्यावर घालू नये."



सोमवारी मी सरांकडे गेले. ते वह्या तपासत होते. मला बघून म्हणाले, "ये, ये. दुसरं बक्षीस म्हणजे काही कमी नाही हं."

मी उभीच राहिले. "सर, तो शेवट तुमचा होता."

त्यांनी पेनला टोपण लावलं. "अगं, त्यात काय एवढं?"

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की मी ऐकलं नाही."

"हे बघ," सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "त्या बाईंच्या हातात केंद्र आहे. माझ्या शिकवण्यातच खोट आहे असं त्यांना वाटलं, तर संपलं सगळं. तू लहान आहेस. तुझी चूक लोक उद्या विसरतील. माझी विसरणार नाहीत. आणि केंद्र आलं तर फायदा कुणाचा? तुमचाच ना?"

"मग निदान माझ्या बाबांना तेवढं सांगा. त्यांना वाटतंय मी खोटं बोलते."

सर हसले. पहिल्या दिवशी हसले होते तसेच, मोकळे. "बाबांना काय कळतंय त्यातलं? कॉर्ड म्हणजे काय ते तरी माहीत आहे का त्यांना?"

रागाने रडू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी पियानोवरचं माझं पुस्तक उचललं, पुस्तकातला तो कागदही त्याच्याबरोबर आला, आणि मी निघाले. मागून सर म्हणाले, "गुरुवारी वेळेवर ये." मी गुरुवारी गेले नाही. नंतरही नाही. घरी सांगितलं की आता कॉलेजचा अभ्यास वाढलाय. आई म्हणाली, बरं झालं.

सरांना सोडलं म्हणजे पियानो सोडला, हे मला आठवड्याभराने खऱ्या अर्थाने कळलं. हात शिवशिवायचे. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालायची.

महिन्याभराने बाजारात मासळी घेताना काकू भेटल्या. त्यांनी कोळणीशी घासाघीस अर्धवट सोडली आणि मला बाजूला घेतलं. "मी आत होते त्या दिवशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांनी रबर मारला तेव्हा. तू नको नको म्हणत होतीस, ऐकलं मी सगळं."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा हातच धरला. "काकू, मग एवढं बाबांना सांगाल का? फक्त बाबांना. बाकी कुणाला नको."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण नजर बोंबलांच्या टोपलीकडे वळवली. "मला त्याच घरात राहायचंय गं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "सकाळी ते शाळेत असतात. तेव्हा येत जा. मी दार उघडीन. वाजवून जा."

मी गेले. काही सकाळी गेले. काकू दार उघडायच्या, चहा ठेवायच्या आणि आतच थांबायच्या. मी फक्त एकच गोष्ट करत होते, माझा खोडलेला शेवट शोधत होते. तो कागदावर नव्हता, पण हातात असेल असं वाटलं होतं. हातातही नव्हता. स्पर्धेच्या तयारीत सरांचे तीन कॉर्ड इतक्या वेळा वाजवले होते की त्यांच्याखालचा माझा शेवट पुसला गेला होता. मी एकेक सूर लावून बघायचे. कधी वाटायचं हाच, मग कळायचं की हा मी त्या मुंबईच्या बाईंना आवडावा म्हणून लावतेय. कधी वाटायचं हा सरांवर सूड म्हणून लावतेय. पाण्यासारखा एकही येईना. शिवाय जिन्यावर पाय वाजला की मी दचकायचे. माझंच वाजवायला मी चोरासारखी येत होते. एका सकाळी काकूंना सांगितलं की उद्यापासून येणार नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना सुटल्यासारखंच वाटलं असावं.

केंद्र वसईला आलं नाही. ते दुसरीकडे कुठे तरी गेलं. लोक म्हणाले सरांवर अन्याय झाला.

मी पुढे डी.एड. केलं आणि प्राथमिक शाळेत लागले. लग्न लांबलं ते लांबलंच. चर्चला जायचे, पण गायनवृंदात बोलावलं तर घसा बरा नाही म्हणायचे. सर नेहमी भेटायचे. चर्चच्या कंपाउंडमध्ये, लग्नात, बारशाला. "काय, सराव चालू आहे ना?" असं विचारायचे. त्यांच्या चेहऱ्यावर कधी काही दिसलं नाही. आधी मला वाटायचं, लपवतात. मग माझ्या लक्षात आलं, की लपवायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. ते विसरले होते. मी त्यांना माफ करायचं ठरवलं असतं, तरी कशाबद्दल ते मला आधी त्यांना समजावून सांगावं लागलं असतं.

ऐंशीचं दशक बरंचसं सरलं होतं तेव्हा माझा धाकटा भाऊ आखातातून सुट्टीवर आला आणि माझ्यासाठी एक इलेक्ट्रिक कीबोर्ड घेऊन आला. पट्ट्या कमी, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. तरी त्याने आणला म्हणून मला भरून आलं. तोवर वाडीचा एक तुकडा विकला गेला होता आणि इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली होती. बाबा थकले होते. पाणी सोडायला आता गडी होता.

एका दुपारी ते ओटीवर पडले होते. म्हणाले, "तुझं ते पाण्याचं वाजव ना."

मी वाजवलं. सगळं हातात होतं. हाकेचे सूर आले तसे बाबांनी पडल्या पडल्या मान हलवली. मी सरांच्या कॉर्डपर्यंत आले आणि तिथेच हात उचलले. माझा शेवट मला तोपर्यंतही सापडला नव्हता, आणि त्यांचा वाजवायचा नव्हता.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"मग तेव्हा हॉलमध्ये शेवटी ते धडाधड काय होतं?"

"ते सरांनी लिहिलं होतं, बाबा."

बाबा उठून बसले. मग म्हणाले, "हे मला तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं."

त्यांनी आठवून पाहिलं. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्या रात्री रस्त्यात काय म्हटलं, ते काय म्हणाले, काहीच नाही. फक्त आपली हाक पियानोवर वाजली, तेवढं त्यांच्याकडे राहिलं होतं.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर सर समोरून आले. तेही वाकले होते, हातात काठी आली होती. मला वाटलं बाबा आज काहीतरी बोलतील. बाबांनी नेहमीसारखे हात जोडले. सरांनी वाडीची चौकशी केली. बाबा म्हणाले, "यंदा केळी चांगली धरलीत. एक फणी पाठवतो तुमच्याकडे." सर मला म्हणाले, "काय, सराव चालू आहे ना?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी बाबांनी फणी कापून ओटीवर ठेवली आणि मला म्हणाले, "सरांकडे देऊन ये."

"मी नाही जाणार," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गड्याला न्यायला सांगितलं नाही, स्वतःही नेली नाही. ती फणी तिथेच ओटीवर पिकली आणि आम्हीच खाल्ली.